'ही चाल कुणाकडून घेतलीस?' : क्लेअरमधलं फिडलवाल्यांचं एक घर

लिमरिकची_अनुजा

खूप दिवस लिहायचं मनात होतं. आज लेकीला फिडलच्या क्लासला सोडलंय आणि बाहेर गाडीत बसून टाइप करतेय, पाऊस आहेच, तेव्हा चुका सांभाळून घ्या.

आम्हाला आयर्लंडमध्ये लिमरिकला येऊन आठ वर्षं झाली. इथे प्राथमिक शाळेत पोरांना टिन व्हिसल शिकवतात, म्हणजे सहा भोकांची पत्र्याची पिपाणी, बासरीसारखीच पण उभी धरायची. लेकीने दोन वर्षं ती वाजवली आणि मग हट्टाला पेटली की फिडलच पाहिजे. (फिडल म्हणजे व्हायोलिनच बरं का, वाद्य तेच, वाजवायची रीत वेगळी.) तिच्यामुळे मी या संगीतात शिरले आणि आता भाजी चिरतानासुद्धा घरात तेच चालू असतं.

तर मार्टिन हेज, इथला नावाजलेला फिडलवाला. जन्म १९६२, क्लेअर काउंटीच्या (काउंटी म्हणजे जिल्हाच) पूर्व भागात फीकल गावाजवळ, शेतकऱ्याचं घर. वडील पी. जे. हेज फिडल वाजवायचे आणि टला केली बँडचे म्होरके होते. बँड १९४६ चा. (केली म्हणजे इथली नाचगाण्याची बैठक.) आत्याचे यजमान पॅडी कॅनी, म्हणजे मार्टिनचे आतोबा, ते तर आख्ख्या आयर्लंडमध्ये गाजलेले फिडलवाले. पी. जे. स्वतः शिकले ते पॅडी कॅनींच्या वडिलांकडे. म्हणजे बघा, शेजारच्या घरात शिकले, त्याच घरातला मुलगा मेव्हणाही झाला, आणि १९५९ मध्ये दोघांनी आणखी काही जणांबरोबर एलपी (लांब वाजणारी तबकडी) काढली, पारंपरिक आयरिश संगीताच्या अगदी सुरुवातीच्या एलपींपैकी ती एक. त्याच्या आदल्या वर्षी बँड न्यूयॉर्कला कार्नेगी हॉलमध्ये वाजवून आला होता.

हे बँड आले कुठून हे कळल्यावर मला फार नवल वाटलं होतं. आधी नाच व्हायचे घरात, स्वयंपाकघरात. टेबल भिंतीला लावायचं, एक फिडलवाला कोपऱ्यात, बाकी सगळे फरशीवर. १९३५ मध्ये सरकारने कायदा केला की सार्वजनिक नाचाला लायसन्स पाहिजे, पाद्र्यांचाही जोर होताच, आणि गावोगाव घरातले नाचसुद्धा बंद पाडायला लागले. लोक हॉलमध्ये गेले. हॉल भरायला एक फिडल पुरत नाही, मग पाच-सहा फिडल, फ्लूट, अकॉर्डियन, पियानो, ड्रम असे बँड उभे राहिले. क्लेअरच्या उत्तरेचा किलफेनोरा बँड आणि पूर्वेचा टला बँड यांची चुरस तर आजही म्हातारी माणसं सांगतात. १९५४, ५५, ५६ सलग तीन वर्षं अखिल आयर्लंड स्पर्धा किलफेनोराने मारली आणि ५७ ला टलाने त्यांना थांबवलं.

आता अशा घरात जन्मलेल्या पोराचं काय होत असेल? सातव्या वर्षी हातात फिडल. तेराचौदाव्या वर्षी बापाच्याच बँडमध्ये, आजूबाजूला सगळे वडिलांच्या वयाचे. एकोणीस वर्षांचा व्हायच्या आत अखिल आयर्लंड स्पर्धेत सहा वेळा पहिला. इथपर्यंत वाचून वाटतं की झालं, गाडी रुळावर आहे, बापाची गादी पोराने घेतली. पण विशीत हा उठला आणि शिकागोला गेला, बांधकामावर कामं केली, इलेक्ट्रिक फिडल घेऊन बारमध्ये रॉकच्या अंगाने वाजवलं. तिथे गिटारवाला डेनिस काहिल भेटला. आणि मग कधीतरी तो परत वळला ते थेट घरच्या चालींकडे, पण वडील वाजवायचे त्यापेक्षा कितीतरी हळू.

हे हळू वाजवणं नीट सांगायला हवं. रील हा नाचाचा प्रकार, एरवी दोन मिनिटांत तीनदा फिरवून पुढच्या चालीवर उडी मारतात. हा माणूस रील अशी सुरू करतो की आधी नाचाची चाल आहे हेच कळत नाही. गज तारेवर नुसता ठेवल्यासारखा, सूर एकेक करून खाली उतरतात, बुटाचा ठेका जमिनीवर ऐकू येत असतो. मग हळूहळू तीच चाल भरत जाते. १९९९ च्या त्याच्या एका लाइव्ह रेकॉर्डिंगमध्ये एक सलग वादन जवळजवळ अर्ध्या तासाचं आहे, एकातून दुसरी, दुसरीतून तिसरी चाल. मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या. पूर्व क्लेअरचे जुने लोक चांगल्या वाजवण्याला 'लोन्सम' म्हणायचे. आपल्याकडे सूर 'आर्त लागला' म्हणतात ना, त्याच्या जवळचं काहीतरी.

मला तुमच्याकडून हे हवंय की घरचं संगीत पुढे नेणं म्हणजे नक्की काय असतं, त्याबद्दल लिहा. इथलं काही ऐकलं असेल तर तेही.

काकू_पार्ले

अनुजा, छान लिहिलंयस गं. मी आयरिश म्हणून काही ऐकलेलं नाही, आता रात्री ऐकेन. तो जिग, रील वगैरे फरक सोप्या भाषेत सांगशील का कुणी? आणि लहान पोर पबमध्ये बसून वाजवतं असं नातवाने दाखवलं होतं व्हिडिओत, हे कसं काय चालतं?

लिमरिकची_अनुजा

काकू, मोजून बघा. जिग सहा मात्रांत चालते, तीन-तीनच्या जोडीत, चालताना झुलल्यासारखी. स्लिप जिग नऊ मात्रांची. रील चारात, सरळ आणि वेगात. हॉर्नपाइप पण चारातच पण झोका देऊन. बहुतेक चाली दोन भागांच्या, प्रत्येक भाग दोनदा, की झाली एक फेरी. सगळे एकच चाल एकत्र वाजवतात, प्रत्येकजण आपापल्या हरकती घालून.

पबचं म्हणाल तर इथे उन्हाळ्यात रात्री दहापर्यंत आणि एरवी नऊपर्यंत मुलांना आईवडिलांबरोबर पबमध्ये बसता येतं. मलाही आधी कसंसंच वाटायचं. पण खेड्यातला पब म्हणजे आपल्याकडचा पार समजा. आजोबा, सून, नातू, कुत्रा, सगळे असतात. गेल्या ऑगस्टमध्ये फीकलच्या उत्सवात आम्ही पेपर्स नावाच्या पबमध्ये बसलो होतो, तिथे एक बारा-तेरा वर्षांचा मुलगा आजोबांना खेटून बसला होता. पोरगा जोशात येऊन पळायला लागला की आजोबा वाजवता वाजवताच गुडघ्याने त्याच्या गुडघ्याला नुसता स्पर्श करायचे. तोंडाने एक शब्द नाही. पोरगा लगेच खाली यायचा. तासाभरात असं चारपाच वेळा झालं असेल, पाचव्या वेळेला पोराने आजोबांकडे बघून मान हलवली, आणि आजोबांनी गुडघा बाजूला घेतला तो घेतलाच.

सुरेल_मिरज

गुडघ्याचा प्रसंग वाचून अंगावर काटा आला.

आमच्या घरी तीन पिढ्या व्हायोलिन. आजोबा नाटक कंपनीत, वडील रेडिओवर आणि मी बँकेत, पण रोज तासभर वाजवतो. आपण मांडी घालून बसतो, व्हायोलिनचं डोकं पायावर टेकवतो, त्यामुळे डावा हात मोकळा राहतो आणि मींड घेता येते. हे लोक खुर्चीत बसून छातीजवळ धरतात, सगळा खेळ उजव्या हाताचा, गजाचा. काल अनुजाताईंचं वाचून मार्टिन हेज ऐकला आणि गज बघत बसलो. एका गजात किती सूर बांधायचे आणि कुठे तोडायचा यावर चाल उभी आहे. बोटांनी चिमटीत पकडल्यासारखे बारीक मुरके घेतात ते तर आपल्या खटक्याच्या सख्ख्या भावंडांसारखे.

पण एक सांगतो, याला घराणं म्हणायची घाई नको. घराण्यात गंडा बांधतात, बंदिश राखून ठेवतात, 'आमची चीज' म्हणतात. इथे शेजाऱ्याने शेजाऱ्याला चाल देऊन टाकली, असं दिसतंय.

डब्लिनर_मंदार

मिरजकरांशी सहमत. +१.

मी डब्लिनला पाच वर्षं इलन पाइप्स, म्हणजे आयरिश पिशवीबाजा, शिकतोय म्हणून त्या बाजूचं लिहितो. इलन म्हणजे कोपर. ही पिशवी तोंडाने फुंकत नाहीत, उजव्या कोपराखाली भाता असतो, आपल्या पेटीच्या भात्यासारखाच, तो दाबून डाव्या कोपराखालच्या पिशवीत हवा भरायची. बोटं चँटरवर, म्हणजे चाल वाजवायच्या भोकांच्या नळीवर, खाली तीन ड्रोन सतत एक सूर धरून, तंबोऱ्यासारखे, आणि मनगटाने दाबायच्या रेग्युलेटरच्या पट्ट्या वेगळ्याच. चँटरची पत्ती बोरूची, सनईसारखी दुहेरी, आणि ती हवामानावर रुसते. हिवाळ्यात घरात हीटर लागला की माझी पत्ती सुकून बंद पडते. इथे म्हणतात की सात वर्षं शिकायचं, सात वर्षं घोटायचं, सात वर्षं वाजवायचं, मग कुठे पाइपर. २०१७ मध्ये युनेस्कोच्या यादीत या वादनाचं नाव लागलं.

आता घरच्या वारशाचं. पाइपर शेमस एनिस, जन्म १९१९, त्यांचे वडील जेम्स सरकारी नोकर आणि पाइपर. या वडिलांनी १९०८ मध्ये लंडनच्या एका गहाणवटीच्या दुकानात पाइप्सचे सुटे भाग भरलेली पिशवी पाहिली आणि घेऊन आले. ते निघाले डब्लिनच्या कॉइन या जुन्या कारागिराचे पाइप्स, दुरुस्त करून जेम्सनी वाजवले आणि पुढे शेमसकडे आले. शेमसनी १९४२ ते ४७ लोकसंस्कृती आयोगासाठी सायकलवर गावोगाव हिंडून शेकडो चाली कागदावर उतरवून घेतल्या. १९८२ मध्ये गेले तेव्हा ते पाइप्स मृत्युपत्राने लीअम ओफ्लिन या पाइपरना दिले. ओफ्लिन नात्यातले कुणी नव्हते. तर वारसा रक्तातूनच जातो असं मला तरी वाटत नाही.

वेदा७९

सगळं वाचतेय, सुंदर चाललाय धागा, पण मला एक बोलायचंय आणि ते जरा वेगळं आहे.

माझ्या माहेरी कीर्तनाची परंपरा, चार पिढ्यांची. धाकट्या भावाला आठव्या वर्षी उभं केलं. आवाज गोड होता त्याचा. उत्सवात लोक कौतुक करायचे, 'अगदी आजोबा', आणि तो घरी येऊन न जेवता झोपायचा. बाराव्या वर्षी आवाज फुटला तेव्हा एका मोठ्या कार्यक्रमात सूर लागेना, आयोजक सगळ्यांसमोर बोलले त्याला. त्यानंतर तो आजवर गायला नाही, आज चाळीस वर्षांचा आहे, घरात आरतीलासुद्धा ओठ हलवत नाही. तेव्हा वारसा पुढे नेणाऱ्या तरुण मुलाचं कौतुक वाचलं की मला आधी तो झोपलेला भाऊ दिसतो. त्या फीकलच्या पोराला कुणी विचारलं होतं का?

शिकागोकर

वेदाताई, तुमचं वाचून दोन मिनिटं काही लिहिता आलं नाही.

इकडची एक बाजू सांगतो, कदाचित संबंध लागेल. इथे शिकागोत १९०१ ते १९०५ पोलिसप्रमुख होते फ्रान्सिस ओनील, कॉर्क काउंटीतून लहानपणी बाहेर पडलेले. फ्लूट वाजवायचे. आईच्या तोंडच्या चाली डोक्यात घर करून होत्या पण नोटेशन लिहिता येत नव्हतं, म्हणून दुसऱ्या एका ओनीलला, जेम्सला, वाजवून दाखवायचे आणि तो लिहायचा. आयर्लंडमधून आलेले पोलीस, मजूर, पाहुणे, जो भेटेल त्याच्याकडून चाली घेतल्या. १९०३ मध्ये १८५० चालींचा संग्रह छापला, १९०७ मध्ये नाचाच्या १००१ चालींचा. गंमत म्हणजे ही पुस्तकं उलटी आयर्लंडला गेली आणि तिथल्या पोरांनी त्यातून आपल्याच गावच्या चाली शिकल्या. त्याच शिकागोत पुढे मार्टिन येऊन बांधकामावर काम करतो. डेनिस काहिलही इथलाच, केरीहून आलेल्या आईबापांचा मुलगा. २०२२ मध्ये गेला. त्याची गिटार ऐका, कमीत कमी सूर, मार्टिनच्या चालीला नुसता खांदा दिल्यासारखे.

मला वाटतं मार्टिनला लांब जाता आलं हेच महत्त्वाचं. घर सोडून जायला मोकळीक होती म्हणून परत येता आलं.

लिमरिकची_अनुजा

वेदा, काल रात्री तुझी पोस्ट नवऱ्याला वाचून दाखवली. तुझ्या भावाला आज कुणी म्हणालं की तू गाऊ नकोस, नुसता आमच्याजवळ बस, तर बसेल का गं तो?

इथेही स्पर्धा आहेतच. कोल्तस ही पारंपरिक संगीताची संस्था १९५१ पासूनची, तिच्या स्पर्धा काउंटी, मग प्रांत, मग अखिल आयर्लंड, बाराच्या आतले, बारा ते पंधरा, पंधरा ते अठरा असे गट. आधीच्या एका क्लासमध्ये लेकीला सहा महिने दोनच चाली घोटायला लावल्या, का तर काउंटीच्या स्पर्धेत त्याच वाजवायच्या होत्या. ती रडायला लागली, आम्ही तो क्लास सोडला. आता जिच्याकडे जाते ती शेजारच्या गावातली सत्तरीची बाई, फी घेते ती नावाला, तास म्हणजे चहा, बिस्किट, एक चाल, आणि त्या चालीची गोष्ट. चाल कुणाकडून आली, तो माणूस कुठे राहायचा, त्याची गाय कशी होती. लेक चाल विसरते पण गाय विसरत नाही, आणि गायीमुळे चाल आठवते.

मंदार म्हणतोय ते पटतं मला. आणि विली क्लॅन्सी या पाइपरची गोष्ट तर त्याहून पुढची आहे. क्लेअरमधल्याच मिलटाउन मॅलबेचा, जन्म १९१८. गॅरेट बॅरी नावाचा आंधळा पाइपर १८९९ मध्येच वारला होता. विलीचे वडील गिल्बर्ट स्वतः पाइपर नव्हते, फ्लूट वाजवायचे, पण बॅरीच्या चाली त्यांच्या कानात बसलेल्या, त्या त्यांनी पोराला दिल्या. विलीने पाइप्स डोळ्यांनी पाहिले ते १९३६ मध्ये, शर्यतींच्या जत्रेत जॉनी डोरन वाजवत होता तेव्हा. विचार करा, पोराने आधी सगळं संगीत घेतलं आणि वाद्य नंतर पाहिलं!

डब्लिनर_मंदार

जॉनी डोरनचं नाव आलंच आहे तर थोडं अवांतर. तो ट्रॅव्हलर या इथल्या भटक्या समाजाचा, घोड्याच्या गाडीतच संसार, जत्रा आणि मॅचेसना वाजवत फिरायचा. पणजोबा जॉन कॅश नावाजलेले पाइपर. भाऊ फेलिक्सही पाइपर, विलीला पाइप्सचा पहिला संच त्याच्याकडूनच मिळाला. हा समाज आजही इथे हेटाळणी सोसतो, गावात जागा देत नाहीत, पण पाइप्सचं अर्धं बळ त्यांच्या घरांतून आलंय हे स्पष्ट म्हटलं पाहिजे. १९४७ मध्ये लोकसंस्कृती आयोगाने जॉनीचं थोडं रेकॉर्डिंग केलं, बरं झालं केलं, कारण १९४८ च्या जानेवारीत डब्लिनमध्ये त्याच्या गाडीवर भिंत कोसळली, कंबरेखालचं शरीर गेलं आणि दोन वर्षांत तो वारला. ते मोजकंच रेकॉर्डिंग ऐकून आज आम्ही सगळे शिकतोय. त्याची चाल ऐकली की धाप लागते, थांबतच नाही माणूस.

वेदा७९

अनुजा, विचारेन त्याला. इतकंच लिहिते आज.

सुरेल_मिरज

आज एक झालं ते लिहितो. वडील ब्याऐंशीचे आहेत, तीन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आल्यापासून वाजवत नाहीत, व्हायोलिन पेटीतच. दुपारी मोबाइलवर मार्टिनची ती सावकाश रील लावली, म्हटलं झोपेत ऐकतील. डोळे मिटून होते. मध्येच म्हणाले, 'कुणाचा रे हा?' मी म्हटलं आयर्लंडचा आहे, बाप फिडल वाजवायचा. 'ते कळलं,' म्हणाले, 'बापाचं नाव विचारतोय.' सांगितलं. मग म्हणाले खुंट्या बघ, तारा उतरल्या असतील. पेटी उघडली तर एक तार तुटलेली. उद्या आणतो.

नागपुरी_संत्रं

फार दिवसांनी असा धागा वाचला. माझी पोरगी नऊ वर्षांची, हे वाचून टिन व्हिसल मागतेय. कुठली घेऊ?

लिमरिकची_अनुजा

डी स्वरातली घ्या, सेशनमध्ये (एकत्र वाजवायच्या बैठकीत) तीच लागते. साधी स्वस्तातलीच घ्या, सुरुवातीला फुंक जपून घालायला सांगा, जोरात फुंकली की वरच्या सप्तकात किंचाळते. आणि पुस्तक नको, कानाने एकच छोटी जिग घेऊ दे आधी.

लिमरिकची_अनुजा

धागा वर आणतेय कारण ऑगस्ट आला आणि आम्ही पुन्हा फीकलला जाऊन आलो.

शनिवारी दुपारी एका खोलीत सावकाश वाजवणाऱ्यांची बैठक होती, पंधरा-वीस जण, निम्मी पोरं. लेक माझ्या शेजारी फिडल मांडीवर घेऊन नुसती ऐकत बसली. अर्ध्या तासाने बाजूच्या आजोबांनी तिला विचारलं, तू काय वाजवतेस? तिने शिक्षिकाबाईंकडून घेतलेली जिग धरली. पहिली फेरी एकटीच, आवाज थरथरत होता, गज दोनदा घसरला. दुसऱ्या फेरीला कुठूनतरी एक फ्लूट आली, मग दोन फिडल, मग सगळेच. तिसऱ्या फेरीला ती माझ्याकडे बघायचीसुद्धा विसरली.

संपल्यावर आजोबा तिला म्हणाले, ही चाल कुणाकडून घेतलीस? तिने बाईंचं नाव सांगितलं आणि बाईंनी ती त्यांच्या वडिलांकडून घेतली हेही सांगितलं, आणि गायीचंही सांगितलं. आजोबा हसले. म्हणाले, त्या वडिलांना मी ओळखायचो, ते दुसऱ्या भागात इथे असं वळायचे, आणि त्यांनी ते वळण वाजवून दाखवलं. लेकीने दोनदा चुकवलं, तिसऱ्यांदा जमलं. मग त्यांनी पुढची चाल सुरू केली.

वेदा७९

ते वळण रेकॉर्ड केलंयस का? असलं तर पाठव ना. भावाला ऐकवायचंय.